कँडिडा ऑरिस : दोष औषधांचा की वॉर्डाचा?

औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीची बातमी आली की तिच्यामागोमाग एक ठरलेले स्पष्टीकरण येते. माणसाने औषधे वारेमाप वापरली, बुरशी त्यांना सरावली, आता डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरलेले नाही. तेव्हा औषधे जपून वापरा आणि नवी औषधे लवकर शोधा. वर्तमानपत्रांत हेच छापून येते, वैद्यकीय परिषदांच्या भाषणांत हेच ऐकू येते, आणि आयसीयूच्या दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकालाही शेवटी हेच सांगितले जाते : ‘रेझिस्टंट निघाली हो, काय करणार?’

या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवते. बुरशीच्या अंगी प्रतिरोध कसा येतो, हा एक प्रश्न. सात नंबरच्या खाटेवरची बुरशी आठ नंबरच्या खाटेवर कशी पोहोचते, हा दुसरा. रुग्णालयातली साथ ही दुसऱ्या प्रश्नाची बाब आहे आणि तिचे उत्तर औषधांच्या कपाटात सापडत नाही. हे सिद्ध करायचे तर आधी समोरची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे. आपल्याकडे पूर्वपक्ष असाच मांडत आले आहेत.

कँडिडा ऑरिस ही बुरशी २००९ साली जपानमध्ये प्रथम नोंदली गेली. टोकियोतल्या एका वृद्ध रुग्णाच्या कानातून ती मिळाली होती. २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या दोन रुग्णालयांतल्या १२ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मग ती जगभर दिसू लागली. पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथल्या ५४ रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ९३ टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला, ३५ टक्के अँफोटेरिसिन बीला आणि ७ टक्के एकायनोकँडिन गटातल्या औषधांना जुमानत नव्हते. बुरशी शरीरात खोलवर शिरली की वापरायची औषधे मुळात मोजकीच, त्यातले तीन प्रमुख गट हेच. बुरशीची पेशी माणसाच्या पेशीच्या इतकी जवळची की एकीला मारताना दुसरीला वाचवणे अवघड, म्हणून नवी औषधे निघतात तीही फार सावकाश. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा सर्वांत वरच्या गटात चार नावे होती आणि त्यांतले एक कँडिडा ऑरिसचे होते. शेतीतली बुरशीनाशके आणि दवाखान्यातली औषधे एकाच अ‍ॅझोल कुळातली असल्याने अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीत शेतातूनच प्रतिरोध आल्याचे युरोपात दिसले आहे. अँटिबायोटिक्सने आतड्यातले जिवाणू मेले की कँडिडाला मोकळे रान मिळते, हेही निर्विवाद आहे.

एवढ्यावर पूर्वपक्ष थांबत नाही. त्याच्या हाती आकडे आहेत. भारतातल्या २७ आयसीयूंमध्ये रक्तात कँडिडा सापडलेल्या १,४०० रुग्णांचा मोठा अभ्यास चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने झाला. त्यांपैकी ७४ जणांच्या रक्तात कँडिडा ऑरिस होती आणि ती १९ आयसीयूंमध्ये पसरलेली होती. ज्यांना आधी बुरशीविरोधी औषध दिले गेले होते, त्यांच्यात कँडिडा ऑरिसची शक्यता २.८ पट दिसली. पुरावा समोर आहे, आता वाद कशाचा, असे कुणीही विचारील.

वाद त्याच अभ्यासाच्या पुढच्या ओळींपासून सुरू होतो. त्या ७४ नमुन्यांपैकी ४३ फ्लुकोनॅझोलला प्रतिरोधक होते. म्हणजे उरलेल्या ३१ जणांच्या बुरशीला त्या कसोटीवर प्रतिरोधक म्हणता येत नव्हते आणि तरीही ती त्यांच्या रक्तात पोहोचली होती. शिवाय तपासलेल्या ५१ नमुन्यांपैकी ४५ एकाच वंशाचे निघाले. प्रत्येक रुग्णाच्या शरीरात त्याच्या त्याच्या औषधांमुळे प्रतिरोध स्वतंत्रपणे जन्माला येत असता, तर हे नमुने एकमेकांपासून वेगळे दिसायला हवे होते. ते भावंडांसारखे सारखे दिसले, कारण बुरशी आयती आली होती. ज्यांना ती झाली त्यांचा आयसीयूतला मुक्काम आधीच लांबलेला होता : रक्तात कँडिडा सापडेपर्यंत मध्यक २५ दिवस, इतर कँडिडाच्या रुग्णांत १५. सरकारी रुग्णालयांत धोका अधिक होता, आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांतही. जितके दिवस जास्त, जितके हात जास्त, जितक्या नळ्या जास्त, तितकी तिला वाट जास्त. मग त्या २.८ चे काय? आधी दिलेले औषध इतर कँडिडांना हटवते आणि या बुरशीला जागा मोकळी करून देते, हे मला मान्य आहे. पण मोकळ्या जागेत येऊन बसायला बुरशी आधी त्या खाटेपर्यंत यावी लागते. तिला तिथवर औषध आणत नाही.

न्यायशास्त्रात कारण ठरवण्याची जुनी कसोटी आहे, अन्वय-व्यतिरेक. जिथे कारण आहे तिथे कार्य दिसले पाहिजे, आणि जिथे कारण नाही तिथे कार्यही दिसता कामा नये. अमेरिकेतल्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की ही कसोटी जणू मुद्दाम मांडल्यासारखी समोर येते. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पर्यंत तीन रुग्ण असे सापडले की त्यांची कँडिडा ऑरिस तिन्ही गटांच्या औषधांना पुरून उरली. एकायनोकँडिनचा उपचार चालू झाला तेव्हा ती त्याला दाद देत होती, उपचारानंतर देईनाशी झाली. प्रतिरोध औषधामुळे, रुग्णाच्या शरीरातच तयार झाल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. पूर्वपक्ष खरा असेल तर साथ इथून पेटायला हवी होती. पण या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांची तपासणी झाली, खोल्यांची झाली, आणि ही सर्वप्रतिरोधक बुरशी दुसऱ्या कुणाकडे गेल्याचा पुरावा मिळाला नाही.

दुसरी नोंद २०२१ च्या पहिल्या चार महिन्यांतली, वॉशिंग्टन डीसी आणि टेक्सासची. वॉशिंग्टनमध्ये १०१ रुग्णांपैकी तिघांची, टेक्सासमध्ये २२ पैकी दोघांची बुरशी तिन्ही गटांना प्रतिरोधक निघाली. टेक्सासमध्ये आणखी पाच जणांची फ्लुकोनॅझोल आणि एकायनोकँडिन या दोन्हींना. या रुग्णांनी आधी एकायनोकँडिन घेतलेलेच नव्हते. तरी प्रतिरोधक बुरशी त्यांच्या अंगावर होती. ती दुसऱ्याकडून आली, हाच त्याचा अर्थ. पहिल्या ठिकाणी औषध होते आणि साथ नव्हती, दुसऱ्या ठिकाणी औषध नव्हते आणि फैलाव होता. दोन्ही बाजूंनी कसोटी लावली तरी औषधाचा वापर हे साथीचे कारण म्हणून टिकत नाही. प्रतिरोधाचे कारण म्हणून तो टिकतो, आणि ते मी केव्हाच मान्य केले आहे.

ऑक्सफर्डची हकिगत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण हा वाद तिथे प्रत्यक्ष वॉर्डात निकाली निघाला. जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात मेंदूच्या रुग्णांचा एक आयसीयू आहे. फेब्रुवारी २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात ७० जणांकडे कँडिडा ऑरिस सापडली. ६६ जण निदानापूर्वी याच आयसीयूत राहून गेलेले. बहुतेकांच्या फक्त त्वचेवर ती होती, सात जणांच्या शरीरात खोल शिरली. रुग्णालय काही स्वस्थ बसलेले नव्हते. रुग्ण वेगळे ठेवले जात होते, तपासण्या होत होत्या, सफाई वाढवली होती. तरीही नवे रुग्ण निघतच होते. भिंती, जमीन, हवा यांत बुरशी फारशी मिळेना. मिळाली ती काखेत लावायच्या तापमापकावर. मेंदूच्या रुग्णाचे तापमान सतत पाहावे लागते, म्हणून वायर असलेला छोटा प्रोब काखेत चिकटवून ठेवत आणि एका रुग्णाचे काम झाले की पुसून दुसऱ्याला लावत. पुसायला वापरायचे ते क्वाटर्नरी अमोनियम गटातले जंतुनाशकाचे वाइप्स. हा गट या बुरशीवर कमकुवत ठरतो. काखेची ओलसर उबदार त्वचा ही तर तिची आवडती जागा. या बुरशीसाठी स्क्रीनिंग करताना स्वॅब काखेतून आणि जांघेतूनच घेतात. म्हणजे रुग्णालयानेच तिच्यासाठी एका काखेतून दुसऱ्या काखेत जायची सोय करून ठेवली होती. जनुकीय तपासात प्रोबवरची बुरशी आणि रुग्णांवरची बुरशी यांचे नाते जुळले. ते प्रोब वापरातून काढून टाकले आणि साथ ओसरली.

पूर्वपक्षाचा जाणकार इथे एक आकडा पुढे करील, आणि त्याने तो करावाच. त्याच अभ्यासात प्रोब वापरलेल्यांना धोका ६.८ पट होता, तर फ्लुकोनॅझोल घेतलेल्यांना १०.३४ पट. मग मोठे कारण कोणते? आकड्याची मर्यादाही, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्लाही, वाचायला हवी. फ्लुकोनॅझोलच्या आकड्याची मर्यादा १.६४ पासून ६५.१८ पर्यंत पसरली आहे, प्रोबच्या आकड्याची २.९६ ते १५.६३. एवढी ऐसपैस मर्यादा तेव्हाच येते जेव्हा मोजायला माणसे थोडी असतात. औषधाने काही जणांचा धोका वाढवला असेल, ते मी नाकारत नाही. पण साथ थांबली ती प्रोब काढल्यावर.

अजून एक पुरावा बुरशीच्या घराण्यातलाच आहे. कँडिडा ऑरिसच्या चार मुख्य शाखा आहेत : दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी, इराणमध्ये पाचवीही सापडली. जपान-कोरियाकडची पूर्व आशियाई शाखा बहुधा कानात राहते, औषधांना बऱ्यापैकी दाद देते आणि रुग्णालयात साथ पसरवत नाही. यावर घाईने म्हणता येईल, पाहा, प्रतिरोध नाही म्हणून साथ नाही. पण या शाखेच्या गुणसूत्रांचा अभ्यास झाला तेव्हा टोकांकडचे काही भाग गळालेले आढळले, आणि गळालेल्या भागांत पृष्ठभागाला चिकटायला लागणाऱ्या प्रथिनांची जनुके होती. प्लॅस्टिकला, त्वचेला, नळीला चिकटून राहण्याची ताकदच तिच्यात कमी. साथ पसरवणाऱ्या शाखा मात्र प्लॅस्टिकवर दोन-दोन आठवडे जिवंत राहतात. औषध न लागू होण्याने रुग्ण बरा होणे अवघड जाते. पलंगाच्या कठड्यावर पंधरवडा टिकण्याने दुसरा रुग्ण तयार होतो.

हवामानबदलाचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. पृथ्वी तापत गेल्याने एक रानटी बुरशी माणसाच्या शरीराच्या उष्णतेला सरावली असावी, हा आर्तुरो कासादेवाल आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा तर्क मला गंभीर वाटतो. अंदमानच्या खारजमिनीत आणि वाळूच्या किनाऱ्यावर ती सापडल्याने त्याला थोडा आधारही मिळाला. पण हा तर्क ती कुठून आली ते सांगतो. आयसीयूच्या आत आल्यावर पुढे काय होते, त्याच्याशी समुद्राचा संबंध नाही.

एक युक्तिवाद मात्र मला अस्वस्थ करतो, कारण तो नातेवाइकांपुढे फार सहज केला जातो. ‘पेशंट तसाही सीरियसच होता.’ म्हणजे बुरशी निमित्तमात्र. भारतीय अभ्यासातच याला उत्तर आहे. आयसीयूत दाखल झालेला रुग्ण किती गंभीर आहे हे अपॅची नावाच्या गुणांकावर मोजतात. कँडिडा ऑरिस झालेल्यांचा हा गुणांक इतर कँडिडा झालेल्यांपेक्षा कमी होता. म्हणजे तुलनेने कमी गंभीर असलेल्यांना, बरे होऊन घरी जाण्याची शक्यता जास्त असलेल्यांना तिने गाठले होते. व्हेंटिलेटरवरून निघालेला, हळूहळू सावरणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तापाने फणफणतो आणि कल्चरमध्ये ही बुरशी येते. त्याला ‘तसाही सीरियस’ म्हणणे हा त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर अन्याय आहे.

कोविडच्या काळात हे सगळे उघड्यावर आले. एप्रिल ते जुलै २०२० मध्ये दिल्लीतल्या एका आयसीयूत कोविडच्या १५ रुग्णांच्या रक्तात कँडिडा सापडली, त्यांतल्या १० जणांत ती ऑरिस होती. त्या दहांपैकी सहा दगावले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या एका कोविड विभागात ६७ जणांची तपासणी केली तर ३५ जणांच्या अंगावर ती होती. तिथे कर्मचाऱ्यांनी एकावर एक गाऊन आणि एकावर एक हातमोजे घातलेले होते. आतला थर रुग्णामागून रुग्ण तसाच राहायचा. कॉम्प्युटरची ढकलगाडी या खाटेकडून त्या खाटेकडे फिरायची आणि दर वेळी पुसली जातेच असे नव्हते. ऑक्सिजनच्या नळ्या, गॉझ उघड्या डब्यांत पडलेले. कर्मचारी स्वतःला विषाणूपासून वाचवत होते, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. पण कर्मचाऱ्याला वाचवणारा हातमोजा बदलला नाही तर तोच बुरशीला पुढच्या रुग्णापर्यंत नेतो.

आपल्याकडच्या वॉर्डात हे चित्र ओळखू न येणारा माणूस विरळा. बीपीचा कफ एक आणि खाटा सहा. स्टेथोस्कोप सिस्टरच्या गळ्यात, तो पुसायला स्पिरिटचा बोळा असतोच असे नाही. ईसीजीच्या वायरी एकीत एक गुंतलेल्या. रुग्ण हलवला की मावशी चादर बदलतात, गादी पालथी करतात, लादी पुसली जाते, फिनाईलचा वास सुटतो आणि खाट तयार झाली असे सगळे धरून चालतात. पलंगाचा कठडा, सलाइनचा स्टँड, मॉनिटरची बटणे, सक्शनच्या बाटलीची पकड यांना हात लागतो दिवसातून शेकडो वेळा, फडके लागते कधीतरी. क्लोरीनचे द्रावण या बुरशीवर चालते. सोडियम हायपोक्लोराइट ही महागडी वस्तू नाही. ते ताजे करावे लागते, मापात करावे लागते, आणि सांगितलेला वेळ पृष्ठभाग त्याने ओला राहावा लागतो; पुसून लगेच कोरडे केले तर मेहनत वाया. सॅनिटायझर हातावरच्या बुरशीवर चालतो, फक्त हात मळलेले नसावेत आणि दोन रुग्णांच्या मधे तो प्रत्येक वेळी लावला जावा.

‘हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, आपल्याला परवडणार नाही,’ असे उत्तर हमखास येते. हिशेब करून पाहा. एकायनोकँडिनचा खर्च रुपयांत मोजला तर दिवसाला हजारांच्या घरात जातो, आणि तो उपचार रक्त स्वच्छ झाल्यावरही दोन आठवडे चालवायचा असतो. वर आयसीयूचे भाडे. त्या पैशांत दर खाटेला स्वतंत्र कफ, स्वतंत्र थर्मामीटर आणि सफाईला आणखी दोन माणसे येतात. परवडत नाही ते साथ वाढू देणे. खरी अडचण निराळी आहे. औषधाचे बिल नातेवाइकाच्या नावावर फाटते, सफाईचे रुग्णालयाच्या. मावशी-मामा बहुतेक ठिकाणी कंत्राटी, आज आहेत उद्या नाहीत. जंतुनाशकाचे माप त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि संसर्गनियंत्रणाच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची नसते. ज्यांच्या हातात साथ थांबवणे आहे, तेच त्या चर्चेत नाहीत. प्रतिरोधाची भाषा चर्चेला नेमके त्यांच्यापासून दूर, प्रयोगशाळेत आणि औषधकंपनीच्या दालनात घेऊन जाते. माझा तिच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

प्रयोगशाळेचेही काम आहेच, फक्त ते अगदी साधे आहे : बुरशीला बरोबर ओळखणे. जुनी यंत्रे कँडिडा ऑरिसला कँडिडा हिम्युलोनी ठरवत आली, कधी भलत्याच कुळातली रोडोटोरुला ठरवत आली. रिपोर्टवर नाव चुकीचे आले की वॉर्डात कुणी सावध होत नाही आणि रुग्ण साथीचा धागा म्हणून मोजलाच जात नाही. ‘नॉन-अल्बिकन्स कँडिडा’ एवढेच लिहून पाठवलेला रिपोर्ट आजही पुष्कळ ठिकाणी चालवून घेतला जातो. आयसीयूतल्या रुग्णाच्या बाबतीत तो चालवून घेऊ नये. पुढच्या लॅबला पाठवून नाव पक्के करावे.

आणि रुग्ण एका जागी राहत नाही. शिकागोतल्या व्हेंटिलेटरची सोय असलेल्या एका शुश्रूषागृहात २०१८ च्या सुरुवातीला ४३ टक्के रहिवाशांच्या अंगावर ही बुरशी होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये हे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. असे लोक तिथून रुग्णालयात, रुग्णालयातून तिथे जात-येत राहतात. त्वचेवर ती महिनोन्महिने टिकते, रुग्णाला काहीच त्रास नसतानाही. महाराष्ट्रात तालुक्याच्या खासगी नर्सिंग होममधून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला रुग्ण असाच अ‍ॅम्ब्युलन्समधून हलतो. सोबतच्या फायलीत सीटी स्कॅनच्या फिल्म असतात, चालू औषधांची यादी असते, बिलेही असतात. काखेत किंवा जांघेत कँडिडा ऑरिस सापडली होती, ही ओळ नसते. ती डिस्चार्ज कार्डावर पहिल्या पानावर, रक्तगटाशेजारी लिहिलेली असावी, आणि रुग्ण निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाच्या सिस्टर-इन-चार्जला फोनवर सांगितलेली असावी. म्हणजे तो पोहोचेपर्यंत कोपऱ्यातली खाट, वेगळा कफ आणि ताजे हायपोक्लोराइट तयार ठेवता येईल. यासाठी कुठल्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.